पायमॉल, कायमेराएक्स, व्हीएमडीचे प्लगइन कसे सांभाळायचे: तालुक्याच्या कॉलेजातून नेहमी येणारे प्रश्न

यवतमाळ, वाशीम, बुलडाणा, वर्धा, गडचिरोलीकडच्या कॉलेजातून एमएस्सी, बीफार्म, एमफार्म करणारी पोरंपोरी डॉकिंगचं काम घेतात, म्हणजे औषधाचा छोटा रेणू प्रोटीनमध्ये कसा बसतो ते कॉम्प्युटरवर पाहायचं, आणि अर्धा वेळ पायमॉल, कायमेराएक्स, व्हीएमडी या रेणू दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्लगइन बसवण्यातच जातो. रेणू पाहायचा राहतो बाजूला. प्रश्न तेच तेच असतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण खालचं सगळं तिच्यावर उभं आहे. प्लगइन म्हणजे मूळ सॉफ्टवेअर नाही, त्याला वरून जोडलेला प्रोग्रॅम. ते दुसऱ्याच कोणीतरी, बहुतेक वेळा एखाद्या रिसर्च ग्रुपमधल्या पोरानं आपल्या कामापुरतं लिहिलेलं असतं आणि मंग सगळ्यांसाठी खुलं केलेलं असतं. त्याचे उपकारच आहेत, पण त्याचं काम संपलं की ते प्लगइन तिथंच थांबतं आणि सॉफ्टवेअर पुढे जातं. म्हणून प्रत्येक प्लगइनचं कोणी लिहिलं, सॉफ्टवेअरच्या कोणत्या व्हर्जनसाठी लिहिलं, आणि आपल्या कॉम्प्युटरवर ते नेमकं कुठं बसलं, एवढं तरी माहीत पाहिजेच.

प्रश्न: प्लगइन, बंडल, एक्स्टेंशन, स्क्रिप्ट, हे सगळं एकच आहे का?

काम एकच, जोडायची पद्धत वेगळी. पायमॉलमध्ये प्लगइन म्हणजे पायथॉनची एक फाइल किंवा फोल्डर, ते प्लगइन मॅनेजरमधून जोडायचं. कायमेराएक्समध्ये त्याला बंडल म्हणतात, ते व्हील नावाच्या फाइलमध्ये येतं आणि त्यांच्या टूलशेड नावाच्या ऑनलाइन साठ्यातून मिळतं. व्हीएमडीत बहुतेक एक्स्टेंशन टीसीएल भाषेत लिहिलेले असतात, आणि वेगवेगळ्या फॉरमॅटच्या फाइली वाचणारे प्लगइन सी मध्ये असतात, त्यांना हात लावायची गरज सहसा पडत नाही. स्क्रिप्ट म्हणजे एकदा चालवली आणि झालं, मेनूत तिचं बटण येत नाही. एखादं काम साध्या स्क्रिप्टनं होत असेल तर प्लगइनच्या मागं लागू नका, स्क्रिप्ट बरी, उघडून वाचता तरी येते.

प्रश्न: आमच्या लॅबमध्ये पायमॉल आहे पण ते फुकटचं आहे की लायसनचं हे कोणालेच माहीत नाही. फरक पडते का?

पडते, लय पडते. वॉरन डिलानो यांनी २००० साली पायमॉल बाहेर आणलं, २००९ मध्ये ते वारले आणि २०१० पासून श्रॉडिंगर कंपनी ते सांभाळते. आज तुम्हाले तीन प्रकारचं पायमॉल भेटू शकते. एक ओपन सोर्स, ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे. दुसरं कंपनीचं तयार, लायसन घेऊन वापरायचं. तिसरं विद्यार्थी आणि शिक्षकांसाठी फुकट दिलेलं एज्युकेशनल. हे तिसरंच आपल्याकडे जास्त दिसते आणि गडबड तिथंच होते, कारण त्याच्या अटीत ते शिकण्या-शिकवण्यासाठी आहे, रिसर्च आणि पब्लिकेशनसाठी नाही. म्हणजे प्रॅक्टिकलमध्ये प्रोटीन दाखवायला चालते, पण त्याच्यावर काढलेलं चित्र पेपरमध्ये टाकता येत नाही.

माझं स्पष्ट मत आहे की डिझर्टेशन करणाऱ्यानं ओपन सोर्सवालंच घ्यावं. कोंडा म्हणजे पॅकेजेस सांभाळणारं साधन, ते बसवायचं, नवीन एन्व्हायर्नमेंट म्हणजे पॅकेजेसचा वेगळा कप्पा तयार करायचं, आणि कोंडा-फोर्ज चॅनेलवरून पायमॉल-ओपन-सोर्स हे पॅकेज टाकायचं. कमांड सगळ्या इंग्रजी अक्षरातच टाइप करायच्या, इथं फक्त उच्चार लिहिलाय. याचा दुसरा फायदा असा की प्लगइनला लागणारी बाकीची पॅकेजेस त्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये बसतात, आणि बिघडलं तर ते एन्व्हायर्नमेंट उडवून दुसरं करता येते, बाकी कॉम्प्युटरला धक्का लागत नाही.

प्रश्न: प्लगइन इन्स्टॉल झालं म्हणून मेसेज आला, पण मेनूत दिसूनच नाही राहिलं. काहून?

सगळ्यात आधी पायमॉल बंद करून पुन्हा उघडा, बरेच प्लगइन सुरू होतानाच लोड होतात. मंग प्लगइन मेनूत लेगसी प्लगइन नावाचा उपमेनू पाहा. पायमॉल २ पासून, म्हणजे २०१७ पासून, त्याच्या खिडक्या आणि बटणं क्यूटी नावाच्या लायब्ररीवर गेली, त्याच्या आधी टीके होतं. जुन्या टीकेवाल्या प्लगइनला तिथं वेगळी जागा दिली आहे आणि पोरं वरच्या मेनूत शोधून थकतात.

तिथंही नसेल तर पायमॉल सुरू होताना मेसेजच्या खिडकीत जे येते ते वाचा, कोणी वाचतच नाही ते. दोन एरर आपल्याकडे नेहमीचे आहेत. एकात प्रिंटच्या कंसाबद्दल तक्रार असते, मिसिंग पॅरेन्थिसिस अशी, त्याचा अर्थ प्लगइन पायथॉन २ च्या काळातलं आहे आणि तुमचं पायमॉल पायथॉन ३ वर चालते. नुसता कंस टाकून हा बहुतेक वेळा सुटत नाही, एक कंस टाकला की पुढच्या ओळीत दुसरं काही निघते, तर आधी त्याच प्लगइनची नवीन आवृत्ती कोणी काढली का ते शोधा. दुसरा एरर येतो नो मॉड्यूल नेम्ड पीएमडब्ल्यू. हा सोपा आहे, पीएमडब्ल्यू म्हणजे जुन्या प्लगइनला लागणारी बटणांची लायब्ररी, कोंडामधून टाकली की झालं.

आणि बिघाड प्लगइनचा आहे की पायमॉलचाच, हे समजत नसेल तर टर्मिनलमधून पायमॉल डॅश के असं सुरू करा. मंग ते तुमची सेटिंगची फाइल आणि प्लगइन दोन्ही सोडून कोरं उघडते. कोरं नीट चाललं म्हणजे पायमॉल बदलायची गरज नाही, दोष जोडलेल्या वस्तूत आहे. लोक दहा मिनिटाच्या कामासाठी पूर्ण सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतात, त्याची काही गरज नसते.

प्रश्न: पिप इन्स्टॉल केलं, सक्सेसफुली असं पण आलं, तरी पायमॉल म्हणते मॉड्यूल नाही. असं कसं?

पिप म्हणजे पायथॉनची पॅकेजेस बसवणारी कमांड, आणि तुमच्या कॉम्प्युटरवर एकापेक्षा जास्त पायथॉन आहेत. एक तुम्ही वेबसाइटवरून टाकलेलं, एक अॅनाकोंडाचं, एक पायमॉलच्या पोटातलं, कायमेराएक्सच्या पोटात अजून एक. पिपनं ते पॅकेज भलत्याच पायथॉनमध्ये नेऊन ठेवलं, आणि पायमॉल आपल्याच घरात शोधून राहिलं.

हे तपासायला पायमॉलच्याच कमांडच्या पट्टीत इम्पोर्ट सिस टाका, पुढच्या ओळीत प्रिंट, आणि कंसात सिस डॉट प्रीफिक्स. जो फोल्डर दाखवेल तेच पायमॉलचं खरं पायथॉन. मंग त्याच पायथॉनला सांगून पिप चालवायचं, म्हणजे नुसतं पिप न लिहिता त्या फोल्डरमधल्या पायथॉनचा पूर्ण पाथ, मंग डॅश एम पिप इन्स्टॉल आणि पॅकेजचं नाव. कोंडा असेल तर आधी एन्व्हायर्नमेंट अॅक्टिव्हेट करा, तेवढ्यानं भागते. नो मॉड्यूल नेम्ड वाल्या बहुतेक तक्रारी इथंच मिटतात. हे एकदा डोक्यात बसलं की पुढे कायमेराएक्स असो की रेणू काढायचं अवोगाड्रो, कुठंच अडत नाही, कारण अवोगाड्रोचे बरेच प्लगइनही पायथॉनच्याच भरवशावर चालतात आणि तिथंही नेमकं कोणतं पायथॉन हाच घोळ असतो.

प्रश्न: कॉलेजात नेट नाही, गावात हॉटस्पॉटवर रेंज येते-जाते. ऑफलाइन बसवता येते का?

येते, आणि आपल्या भागात हीच पद्धत धरून चालायला पाहिजे असं मला मनापासून वाटते. नेट असलं तर बोनस, पण प्लॅन ऑफलाइनचाच करा.

पायथॉनच्या पॅकेजसाठी, यवतमाळले किंवा अमरावतीले जिथं नेट चांगलं आहे तिथल्या कॉम्प्युटरवर पिप डाऊनलोड ही कमांड चालवा, इन्स्टॉल नाही, डाऊनलोड. ती पॅकेज आणि त्याला लागणारी बाकीची पॅकेजेस सगळी एका फोल्डरमध्ये आणून ठेवते. तो फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. लॅबच्या कॉम्प्युटरवर पिप इन्स्टॉलला दोन गोष्टी सांगायच्या, डॅश डॅश नो इंडेक्स म्हणजे नेटवर पाहू नको, आणि डॅश डॅश फाइंड लिंक्स पुढे तुमच्या फोल्डरचा पाथ. नेटशिवाय बसते.

पण इथं एक अट आहे आणि त्यासाठीच पोरं बिचारी एसटीनं पुन्हा शहरात जातात. ज्या कॉम्प्युटरवर डाऊनलोड केलं आणि ज्याच्यावर बसवायचं, दोघांचं पायथॉनचं व्हर्जन आणि विंडोज-लिनक्स सारखं पाहिजे. व्हील फाइलचं नावच नीट वाचा, त्यात सगळं लिहिलेलं असते: सीपी ३१० असेल तर ती पायथॉन ३.१० साठी, शेवटी विन एएमडी ६४ असेल तर ६४ बिट विंडोजसाठी. नावात पीवाय ३ आणि शेवटी एनी असेल तर ती कुठंही चालते. म्हणून निघायच्या आधी लॅबच्या कॉम्प्युटरवर पायथॉनचं व्हर्जन पाहून वहीत लिहून न्या.

कायमेराएक्सचं बंडल ऑफलाइन टाकणं तर अजून सोपं. टूलशेडची वेबसाइट कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडा, बंडलची व्हील फाइल उतरवा, आणि लॅबमध्ये कायमेराएक्सच्या कमांड पट्टीत टूलशेड इन्स्टॉल लिहून पुढे फाइलचा पाथ द्या. त्या बंडलला अजून दुसरी बंडलं लागत असतील तर तीही आधी उतरवून ठेवा, कोणती लागतात ते त्याच्या पानावर दिलेलं असते.

पूर्ण कोंडा एन्व्हायर्नमेंट उचलून न्यायचं असेल तर कोंडा-पॅक नावाचं साधन आहे, ते सगळं एका फाइलमध्ये बांधते आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर सोडता येते, विंडोज ते विंडोज किंवा लिनक्स ते लिनक्स. फाइल मोठी होते, साध्या जुन्या पेनड्राइव्हवर वेळ लागते, पण पूर्ण लॅबमध्ये सगळ्या कॉम्प्युटरवर एकसारखं बसवायचं असेल तर याच्याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. आणि पेनड्राइव्ह एफएटी ३२ फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीहून मोठी एक फाइल त्यात जातच नाही, तेव्हा आधी एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या.

उतरवलेलं जपून ठेवा. सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर, प्लगइनची झिप, व्हील फाइली, सगळं एका फोल्डरमध्ये, नावात व्हर्जन आणि तारीख. जुनं प्लगइन वेबसाइटवरून कधी गायब होईल सांगता येत नाही आणि पुढच्या बॅचच्या पोरांले तेच लागणार असते.

प्रश्न: कायमेराएक्सचं नवीन व्हर्जन टाकलं आणि सगळी बंडलं गेली!

गेली नाहीत, जुन्या व्हर्जनच्या फोल्डरमध्ये आहेत. कायमेराएक्स प्रत्येक व्हर्जनची बंडलं वेगळी ठेवते, म्हणून नव्यात पुन्हा टाकावी लागतात. जुन्यात टूलशेड लिस्ट चालवा, यादी कॉपी करा, नव्यात एकेक टाका. एखादं बंडल नव्या व्हर्जनसाठी तयारच नसेल तर जुनं कायमेराएक्स काढू नका, दोन व्हर्जन एका कॉम्प्युटरवर सुखानं राहतात.

आयसोल्ड नावाचं बंडल बरेच जण टाकून पाहतात, प्रोटीनचं मॉडेल हातानं ओढून सुधारायचं, फार सुंदर काम आहे ते. पण त्याच्या पोटात प्रत्यक्ष सिम्युलेशन चालू असते आणि त्याला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागते, लॅबच्या साध्या कॉम्प्युटरवर ते रखडत चालते. त्यात बंडलचा दोष नाही.

प्रश्न: व्हीएमडीत एक एक्स्टेंशन जोडायले डॉट व्हीएमडीआरसी फाइल बनवली, आता मेन खिडकीच येऊन नाही राहिली. सॉफ्टवेअर खराब झालं का?

नाही बाप्पा. तुमची स्वतःची सेटिंगची फाइल सापडली की व्हीएमडी आपली मूळची वाचत नाही, आणि मेन मेनू दाखवायची ओळ त्या मूळच्या फाइलमध्ये होती. तुमच्या फाइलमध्ये मेनू मेन ऑन ही एक ओळ टाका. विंडोजवर त्या फाइलचं नाव व्हीएमडी डॉट आरसी असते, पुढचा डॉट नाही. एक्स्टेंशनचा फोल्डर ऑटो पाथमध्ये जोडायची ओळ आणि व्हीएमडी इन्स्टॉल एक्स्टेंशनची ओळ, ह्या त्याच्याच सोबत राहू द्या. आणि एक्स्टेंशनच्या फोल्डरात पीकेजी इंडेक्स नावाची टीसीएल फाइल आहे का पाहा, ती नसली तर व्हीएमडीला ते पॅकेज सापडतच नाही.

प्रश्न: प्लगइनमधून व्हिना चालवलं की लगेच बंद होते, अननोन ऑप्शन लॉग असं काहीतरी येते.

हा प्रश्न इतक्या वेळा येतो की नीटच सांगतो. पायमॉलमधले किंवा दुसरीकडचे डॉकिंगचे प्लगइन स्वतः डॉकिंग करत नाहीत, ते फक्त बॉक्स काढतात, म्हणजे प्रोटीनमध्ये कुठं शोधायचं ती जागा, फाइली तयार करतात आणि खरं डॉकिंग करणाऱ्या ऑटोडॉक व्हिना या प्रोग्रॅमला मागून कमांड देतात. आता व्हिना १.१.२ हे २०११ चं, वर्षानुवर्षं तेच सगळीकडे होतं, आणि प्लगइन त्याच्यासाठी लिहिले गेले. २०२१ मध्ये व्हिना १.२ आलं, त्यात नवीन स्कोअरिंग आलं, म्हणजे रेणू किती घट्ट बसतो त्याचा आकडा काढायची पद्धत, पायथॉनमधून चालवता यायला लागलं, पण लॉग फाइल लिहायचा जुना ऑप्शन त्यातून काढून टाकला. जुनं प्लगइन आपल्या सवयीनं डॅश डॅश लॉग म्हणते, नवीन व्हिना म्हणते मला हे समजत नाही, आणि बंद. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त जोडी चुकली.

यावर दोन मार्ग. एक, त्या प्लगइनसोबत १.१.२ च वापरा आणि थिसिसमध्ये तसं लिहा. दोन, प्लगइन फक्त बॉक्सचे आकडे आणि फाइली तयार करायला वापरा, आणि व्हिना कमांड लाइनवरून स्वतः चालवा. मी दुसरा सांगतो. कॉन्फिगची साधी टेक्स्ट फाइल असते, त्यात बॉक्सच्या सेंटरचे तीन आकडे, साइझचे तीन, एक्झॉस्टिव्हनेस म्हणजे किती कसून शोधायचं, आणि सीड म्हणजे शोधाची सुरुवात ठरवणारा आकडा. एक्झॉस्टिव्हनेस काहीच लिहिलं नाही तर ८ धरते, वेळ असेल तर वाढवा. सीड नक्की लिहा, म्हणजे उद्या तेच रन पुन्हा करता येईल.

कमांड लाइनचा आपल्याकडे अजून एक मोठा फायदा आहे आणि तो लाइटचा. व्हिना उत्तराची फाइल रन पूर्ण झाल्यावर लिहिते. मध्येच लाइट गेली तर तो लिगँड, म्हणजे डॉक करायचा छोटा रेणू, पहिल्यापासून. प्लगइनमध्ये पन्नास लिगँड एकाच खेपेला लावून दिले आणि लाइट गेली तर कुठपर्यंत झालं तेही समजत नाही. त्याच्याऐवजी छोटी बॅच स्क्रिप्ट लिहा जी एकेक लिगँड घेते आणि ज्याची आउटपुट फाइल आधीच आहे तो सोडून पुढे जाते. लाइट आली की तीच स्क्रिप्ट पुन्हा सुरू करायची, झालेलं काम तसंच राहते. उन्हाळ्यात तर असंच करा.

प्रश्न: एपीबीएसचं प्लगइन मेनूत दिसते पण रन दिलं की एरर. बटण आहे मंग चालत काहून नाही?

बटण प्लगइनचं आहे, प्रोटीनच्या विद्युतभाराचा हिशेब करणारे प्रोग्रॅम वेगळे आहेत, एपीबीएस आणि पीडीबी२पीक्यूआर. ओपन सोर्स पायमॉलमध्ये बटण सोबत येते, हे दोन प्रोग्रॅम तुम्हाले वेगळे बसवावे लागतात आणि त्यांचा पाथ प्लगइनच्या खिडकीत द्यावा लागतो.

प्रश्न: लॅबच्या कॉम्प्युटरवर आज टाकलं, उद्या जाऊन पाहतो तर गायब.

बऱ्याच लॅबमध्ये रीस्टार्ट झालं की कॉम्प्युटर जुन्या स्थितीत नेणारं सॉफ्टवेअर असते, व्हायरसपासून वाचण्यासाठी. तिथं सी ड्राइव्हवर टाकलेलं काहीच टिकत नाही. लॅब असिस्टंट दादांना विचारा कोणता ड्राइव्ह सुटा ठेवला आहे, बहुतेक डी असतो, आणि कोंडा तिथं बसवा. कोंडाला अॅडमिन पासवर्ड लागत नाही, फक्त मला माझ्यापुरतंच हवं असं निवडा.

प्रश्न: फोल्डरचं नाव मराठीत ठेवलं तर चालते का?

मराठीचा अभिमान मलाही आहे, पण इथं नको. जुनी साधनं, खास करून ऑटोडॉक टूल्स, जे पायथॉन २ वर चालते, पाथमध्ये देवनागरी अक्षर किंवा नुसती मोकळी जागा आली तरी अडखळतात. विंडोजचं युझरनेमच मराठीत असेल तर सगळं काम सी किंवा डी ड्राइव्हवर सरळ एका छोट्या इंग्रजी नावाच्या फोल्डरमध्ये करा. डेस्कटॉपवर तर ठेवूच नका.

प्रश्न: किती प्लगइन ठेवावे?

जेवढे या महिन्याच्या कामाला लागतात तेवढेच. बाकीचे काढायची गरज नाही, पायमॉलच्या प्लगइन मॅनेजरमध्ये प्रत्येकासमोर सुरू होताना लोड करायचं की नाही याची खूण असते, ती काढा. सॉफ्टवेअर लवकर उघडते आणि एरर आला तर शोधायला कमी जागा राहते.

प्रश्न: अपडेट आलं की करावं का?

प्रोजेक्ट चालू असताना करू नका. अर्धे लिगँड एका व्हर्जनवर आणि अर्धे दुसऱ्यावर झाले तर दोघांची तुलना कशी करणार? अपडेट पाहायचंच असेल तर वेगळं एन्व्हायर्नमेंट करा, जुनं तसंच राहू द्या. गाइडनं सांगितलं तरी त्यांना हे कारण सांगा, ते समजून घेतील.

प्रश्न: प्लगइननं उत्तर दिलं, एररही नाही. मंग ते बरोबरच असणार ना?

नाही, आणि या प्रश्नासाठी मी बाकीचे सगळे सोडायला तयार आहे. एरर न येणं म्हणजे फक्त प्रोग्रॅम शेवटपर्यंत चालला.

आपल्याकडचंच घ्या. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला जीआय टॅग आहे, त्यामुळे हळदीतलं करक्युमिन घेऊन डॉकिंग करणारी पोरं आपल्याकडे भरपूर, आणि विषय जवळचा आहे म्हणून मलाही आनंद होतो. आता करक्युमिनचा रेणू दोन रूपात राहतो. डायकिटो रूपात मधोमध एक सीएच२ असते, तिथं रेणू वाकू शकतो. इनॉल रूपात तोच मधला भाग सपाट आणि ताठ होतो, आणि द्रावणात जास्त करून हे इनॉल रूपच असते. पबकेम या रेणूंच्या ऑनलाइन साठ्यातून करक्युमिनची नेहमीची नोंद उतरवली तर डायकिटो येते. तुमचं प्लगइन ती घेते, हायड्रोजन लावते, फिरणारे बंध मोजते आणि पुढे देते, ते रूप बदलत नाही आणि तुम्हाले विचारतही नाही. व्हिना फिरणाऱ्या बंधांची संख्या स्कोअरमध्ये धरते, म्हणजे रूप बदललं की बसायची ढबही बदलू शकते आणि आकडाही. म्हणून प्लगइननं तयार केलेली लिगँडची फाइल डॉकिंगच्या आधी पायमॉलमध्ये उघडा, झूम करा, मधल्या दोन ऑक्सिजनपाशी हायड्रोजन कुठं बसलाय ते डोळ्यानं पाहा. दोन मिनिटाचं काम आहे.

तसंच प्रोटीनचं. साफ करायचं बटण दाबलं की बहुतेक प्लगइन सगळं पाणी काढून टाकतात. एचआयव्हीच्या प्रोटीएज या प्रोटीनची १एचएसजी या कोडची रचना घ्या, इंडिनाव्हिर औषधासोबतची. त्यात औषध आणि प्रोटीनच्या वरच्या झाकणासारख्या भागाच्या मध्ये एक पाण्याचा रेणू दोन्हीकडे हायड्रोजन बंध धरून बसलेला आहे. ते पाणी काढायचं की ठेवायचं हा तुमचा निर्णय आहे, बटणाचा नाही.

नवीन प्लगइन बसवलं किंवा बदललं की मी सगळ्यांना एकच तपासणी करायला लावतो. हीच १एचएसजी घ्या, इंडिनाव्हिर बाहेर काढा, आणि प्लगइननं पुन्हा डॉक करा. क्रिस्टलमध्ये तो जसा बसला आहे त्याच्यापासून २ अँगस्ट्रॉमच्या आत आला तर जोडणी ठीक आहे असं धरा. नाही आला तर बॉक्स, हायड्रोजन, चार्ज, कुठंतरी गडबड आहे, तुमच्या स्वतःच्या लिगँडला हात लावू नका. आणि स्कोअरच्या आकड्यांना किती किंमत द्यायची तेही लक्षात ठेवा: व्हिनाच्या २०१० च्या मूळ पेपरमध्येच त्याची स्टँडर्ड एरर २.८५ किलोकॅलरी प्रति मोल दिली आहे. तेव्हा ०.२ च्या फरकावरून हा रेणू त्याच्यापेक्षा भारी असं लिहू नका.

प्रश्न: ओळखीच्या ग्रुपवर कोणी झिप पाठवली, टाकू का? महागड्या सॉफ्टवेअरचं क्रॅकपण भेटून राहिलं.

प्लगइन हा पूर्ण प्रोग्रॅम असतो. तो तुमच्या फाइली वाचू शकतो, पुसू शकतो, नेटवर पाठवू शकतो, पायमॉल त्याला अडवत नाही. म्हणून मूळ जागेवरूनच घ्या: पायमॉल विकी, टूलशेड, किंवा लेखकाचं स्वतःचं गिटहब. क्रॅक तर नकोच. चोरीच्या सॉफ्टवेअरवर केलेलं काम कोणत्याही जर्नलमध्ये मांडता येत नाही, आणि फुकट मिळणारी साधनं आज इतकी चांगली आहेत की गरिबीचं कारणही उरत नाही. कायमेराएक्स अव्यावसायिक कामासाठी फुकट आहे, व्हीएमडी नाव नोंदवून फुकट, व्हिना ओपन सोर्स. तुमचं काम नागपूर-पुण्याच्या कामाच्या तोडीचं होऊ शकते, साधन तेच आहे.

प्रश्न: थिसिसमध्ये प्लगइनबद्दल काय लिहायचं?

सॉफ्टवेअरचं नाव व्हर्जनसहित, प्लगइनचं नाव व्हर्जनसहित, व्हर्जन नसेल तर उतरवल्याची तारीख, बदललेल्या सगळ्या सेटिंग, व्हिनाचा सीड आणि बॉक्सचे आकडे. कोंडा वापरलं असेल तर कोंडा लिस्टचं आउटपुट परिशिष्टात लावा. प्लगइनच्या लेखकानं पेपर लिहिला असेल तर तो साइट करा, त्यानं फुकट दिलेल्या कामाचं हे एवढंच मोल आपण देऊ शकतो.

प्रश्न: प्लगइन पूर्ण काढायचं कसं?

पायमॉलमध्ये प्लगइन मॅनेजर, अनइन्स्टॉल. कायमेराएक्समध्ये टूलशेड अनइन्स्टॉल आणि बंडलचं नाव. व्हीएमडीत तुमच्या फाइलमधल्या ओळी काढा आणि फोल्डर हलवा. पायमॉलमध्ये तरीही सुरू होताना जुनाच एरर येत असेल तर युझरच्या पायमॉल फोल्डरमधला स्टार्टअप फोल्डर उघडून पाहा, तिथं काही राहून गेलेलं असते.

प्रश्न: एवढं करूनही अडलं तर विचारायचं कोणाले, आणि कसं?

आधी पूर्ण एरर कॉपी करा, शेवटची ओळ तर पाहिजेच पण वरच्याही, कारण कोणती फाइल आणि कितवी ओळ ते वर लिहिलेलं असते. मोबाइलनं स्क्रीनचा वाकडा फोटो काढून पाठवू नका, त्यातला मजकूर शोधता येत नाही. सोबत ऑपरेटिंग सिस्टिम, सॉफ्टवेअरचं व्हर्जन, प्लगइन कुठून घेतलं, आणि कोरं उघडल्यावर म्हणजे डॅश के लावून एरर येतो का, एवढं लिहा. पायमॉल आणि कायमेराएक्स दोघांच्याही मेलिंग लिस्ट आहेत आणि तिथले लोक मदत करतात, खरंच करतात, प्रश्न नीट असेल तर सॉफ्टवेअर लिहिणारी माणसंच उत्तर देतात. इंग्रजी मोडकं असलं तरी काही बिघडत नाही, छोटी छोटी वाक्यं लिहा. आणि उत्तर मिळालं, काम झालं, की त्याच धाग्यात काय केल्यानं सुटलं ते लिहून टाका, कारण पुढच्या वर्षी तोच एरर घेऊन एखादी पोरगी दर्यापूर नाहीतर सिरोंचाहून तिथंच शोधत येणार आहे.